बटणाचं पान

९ ऑगस्ट

धाकटे,

'प्रिय' लिहिलं असतं तर तू पाकीट तिथल्या तिथे बंद केलं असतंस, आणि कुशल विचारायचा हक्क मी घालवून बसले आहे, म्हणून नुसतंच धाकटे. अकरा वर्षांनी लिहिते आहे. अक्षर ओळखलं असशील. तू म्हणायचीस तसंच आहे अजून, ओळ सरळ सुरू होते आणि छताला टेकून संपते.

तू कुठे आहेस हे मला गेल्या मंगळवारी कळलं. कसं ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील ताईनं माझ्या मागावर माणसं सोडली. मी हल्ली एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. सकाळी त्या खोलीत डोळे तपासतात आणि दुपारी दोनपासून मी टॅरोची पानं वाचते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर म्हशीएवढं आणि तळातलं मुंगीएवढं, आणि त्याच्यासमोर आपलं हिरव्या कापडाचं टेबल. मंगळवारी एक रंगारी चष्मा करायला आला. घरं रंगवणारा नव्हे, जहाजं रंगवणारा. चष्मेवाले दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकले होते म्हणून तो माझ्या खोलीत टेकला. टेबलावरची पानं बघून म्हणाला, असलंच एक चित्र आमच्या जहाजावर स्वयंपाकघरात शेगडीच्या वर चिकटवलंय. खांद्यावर गाठोडं, पायाशी कुत्रं, आणि माणूस आभाळाकडे बघत कड्याच्या टोकावरून चाललेला.

माझ्या हातातून जोड निसटला. अठ्ठ्याहत्तर पानांच्या जोडातलं ते शून्य आकड्याचं पान, वेडा, माझ्या टेबलावरून कोण घेऊन गेलं हे मला नाही ठाऊक तर कुणाला? मी विचारलं, कुणी चिकटवलं. तर म्हणे स्वयंपाकीणबाईंनी. कोणी घरच्या आठवणीनं जेवेनासा झाला की त्या डावानं चित्राकडे दाखवतात आणि म्हणतात, याच्याकडे एवढंसं गाठोडं आहे, तरी मान बघ कशी वर आहे, जेव आता. मी विचारलं, स्वयंपाकीणबाई रागावल्या की भांडी आपटतात का. म्हणाला, भांडी नाही, झाकणं. मग माझी खात्री पटली. जहाजाचं नाव आणि कंपनीच्या कचेरीचा पत्ता त्याच्याचकडून घेतला.

आता कामाचं. मी लग्न करते आहे. हसू नकोस, छप्पन्न पूर्ण झाली म्हणून काही लग्नाला बंदी नसते. नवरा मुलगा एकसष्ट वर्षांचा आहे, चष्मेवालेच. बारा जानेवारीला सकाळी साडेदहाला कचेरीत सह्या. दोन साक्षीदार लागतात. एक आमची बेकरीवाली आहे, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दुसरी तू. मी चष्मेवाल्यांना स्वच्छ सांगितलंय, धाकटीची सही असेल तर लग्न, नाहीतर नाही.

त्या दिवशी पानं जशी पडली तशी पडली. त्यात माझा दोष नव्हता. पण ते जाऊ दे. ये.

तुझी ताई


६ सप्टेंबर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. पत्त्याशिवाय एक अक्षर नाही, सहीसुद्धा नाही. कोरी बाजू मी खिडकीत धरून पाहिली, मग चष्मेवाल्यांच्या भिंगाखाली धरली. त्यांनी भिंग काढून घेतलं आणि शांतपणे म्हणाले की कोरं म्हणजे कोरंच असतं.

पण मी काही नुसती बसणारी नाही. आपल्याला शिंपीणमावशीनं शिकवलंय. नाटकवाल्यांचे झगे शिवता शिवता ती कापायच्या टेबलावर आपल्या दोघींसमोर पानं मांडायची आणि तिचं एकच म्हणणं असायचं, आधी अर्थ सांगायचा नाही, आधी दिसतं काय ते सांगायचं. म्हणून मी तुझं कार्ड टेबलावर ठेवलं आणि दिसलं ते सांगितलं. चित्राच्या बाजूला बंदरातला धक्का. पिवळी क्रेन. क्रेनच्या आकड्याला एक पेटी लटकलेली, ना जहाजावर ना जमिनीवर. तिकीट अगदी सरळ लावलेलं. रागावलेलं माणूस तिकीट तिरकं लावतं. तेव्हा पेटी अजून हवेत आहे एवढाच मी अर्थ काढला आणि आनंदानं बेकरीवालीला सांगायला गेले. तिनं मला फुकट पाव दिला.

मला सगळं सांगायची घाई झाली आहे. तू गेल्यावर त्या घरात माझं मन रमेना. दुपारी दोन कप बाहेर काढायचे आणि एक परत ठेवायचा. वर्षभरात घर सोडलं आणि ही खोली भाड्यानं घेतली. चष्मेवाल्यांचा पत्त्यांवर काडीचा विश्वास नाही. पहिल्या महिन्यात ते पडद्याआडून सगळं ऐकायचे. एक दिवस म्हणाले, बाई, तुम्ही आणि मी एकच धंदा करतो. मी काच बदलत राहतो आणि विचारतो, आता? आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं? डोळा गिऱ्हाइकाचाच असतो. तेव्हापासून मी पण तेच विचारते. पान उघडते आणि विचारते, यात काय दिसतं? माणसं जे सांगतात ते ऐकून थक्क व्हायला होतं. एक निवृत्त शिक्षिका दर महिन्याला येते. तिला कुठलंही पान दाखवलं तरी त्यात वर्ग दिसतो. तिला मी भविष्य काय सांगणार? तिला सांगितलं, शेजारच्या मुलींना शिकवा. हल्ली तिला वेळच मिळत नाही यायला.

आणि एक गंमत. वेडा तू नेलास म्हणून त्याच्या जागी मी काचांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक पान केलं आणि त्यावर एक बटण शिवलं. आता तेच पान सगळ्या गावात प्रसिद्ध आहे. बटण आलं की काम होतं, अशी लोकांची खात्री आहे.

त्या दिवसाबद्दल एवढंच म्हणते की पिसताना हाताखाली काहीतरी मागेपुढे झालं असेल. माझी बोटं तेव्हाही दुखायची.

ताई


४ ऑक्टोबर

धाकटे,

या वेळी दोन शब्द. 'कुठलं बटण?'

मी ते दोन शब्द चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. चष्मेवाल्यांना दाखवले, बेकरीवालीला दाखवले, पोस्टमनला दाखवले. पोस्टमन म्हणाला की ते कार्ड त्यानंच आणून दिलंय, आधीच वाचलंय.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि सांगताना जरा लाज वाटते. तुझ्या कोटाचं बटण. तू दारातून निघालीस तेव्हा मी तुझी बाही धरली होती, आठवतं? तू हात हिसकलास आणि मनगटावरचं बटण माझ्या मुठीत राहिलं. तपकिरी, चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं. ते टाकवेना आणि डब्यात ठेवलं की सारखं वाजायचं. म्हणून पुठ्ठ्यावर शिवून जोडात घातलं. तुझ्या पानाच्या जागी तुझंच काहीतरी.

खरं सांगायचं तर त्या पानानं माझा धंदा बिघडायला हवा होता. बटण जाड, बाकीची पानं सपाट. ते जोडात कुठे आहे हे डोळे मिटूनसुद्धा कळतं. लोक पिसतात, कापतात, पानं पसरतात, आणि मग बोटानं चाचपून बरोबर तेच ओढून काढतात, आणि वर मला विचारतात, काय आलं हो? बेकरीवालीनं दुसरं दुकान काढायच्या आधी सलग तीन वेळा बटण काढलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, अगं तुला काढायचंच आहे दुकान, मग मला कशाला विचारतेस? ती म्हणाली, तुम्हाला कुठे विचारतेय, मी सांगतेय. मावशी हेच म्हणायची ना? पान बोलत नाही, माणूस बोलतं, आपण फक्त टेबल पुसून ठेवायचं. मला ते समजायला पुठ्ठ्याचं पान लागलं.

लग्नाचं कसं ठरलं तेही लिहिते. जूनमध्ये एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाले आले, दुकान आणि माझी खोली यांच्यामधल्या पडद्यापाशी उभे राहिले आणि पडद्याची शिवण बघत म्हणाले, हा काढायचा का? मी म्हटलं, धुवायला? ते म्हणाले, नाही, कायमचा. मी म्हटलं, मग डोळे तपासायला अंधार कसा होणार? ते म्हणाले, दार बसवू. मग कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचं विसरून इकडेतिकडे चष्मा शोधायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की विषय पडद्याचा नाही. मी तीन आठवडे विचार करते म्हणून सांगितलं. विचार कसला, पहिल्याच दिवशी बाजारातून दाराला कडी घेऊन आले.

आणखी एक गोष्ट तुझी माझ्याकडे आहे. त्या दिवशी तू वरचं चौथं पान उलटलंस, ते वेडा निघालं, ते घेऊन गेलीस. त्याच्याखालची दोन पानंही तुझीच होती. ती मी रबर लावून डब्यात ठेवली आहेत, पालथी. अकरा वर्षांत उघडून पाहिलेली नाहीत.

ताई


११ नोव्हेंबर

धाकटे,

'ताई, चौथं पान माझं होतं तर वरची तीन कुणाची होती? सगळं लिही. नाहीतर लिहू नकोस.'

बरोबर आहे तुझं. माझ्याच पत्रात मी सापडले. लिहिते. तीन कागद फाडून झालेत, हा चौथा आहे.

आईला जाऊन चार महिने झाले होते. तुला जहाजावरच्या नोकरीचं पत्र आलं होतं आणि तू ते फ्रीजवर लावलं होतंस, म्हणजे मी दूध काढताना रोज वाचावं. तू म्हणालीस, ताई, पानं उघड, तीनच, जाऊ की नको. मी नाही म्हणायला हवं होतं. मावशीचा एकच कडक नियम होता, ज्या उत्तरात आपला जीव अडकलाय त्याची पानं आपण उघडायची नाहीत. तुलाही तो ठाऊक होता. पण तुझा माझ्यावर विश्वास होता.

तू पिसलंस, कापलंस, जोड टेबलावर ठेवलास. मी म्हटलं, थांब, चहा घेऊन येते. आत गेले. साखरेच्या डब्यामागे मी सकाळीच तीन पानं काढून ठेवली होती. कोसळता मनोरा. पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस. तीन तलवारी आरपार गेलेलं काळीज. पिसताना मागेपुढे झालं, बोटं दुखत होती, हे सगळं खोटं. बोटं ठणठणीत होती. पानं तळहातात धरून बाहेर आले आणि जोड सरळ करायच्या निमित्तानं वर ठेवली. मग एकेक उघडली आणि आवाज खाली आणून सांगितलं, जाऊ नकोस गं, फार वाईट आहे.

तू पानांकडे पाहिलंच नाहीस. माझ्या हातांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "ताई, चहा कुठाय?"

मी चहा विसरले होते. आयुष्यात एकदा लबाडी केली आणि तीसुद्धा धड जमली नाही. मग तू चौथं पान उलटलंस आणि पुढचं तुला माहीत आहे.

तू मला खोटारडी म्हणालीस त्याचा मला राग आला नव्हता. तू खरं बोललीस त्याचा आला. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की तुझ्या काळजीपोटी केलं, समुद्र, वादळं, परके लोक. काळजी नव्हती. तू गेलीस तर मी एकटी पडेन, एवढंच होतं. तुझ्या पुढ्यात मी तुझं भविष्य म्हणून माझी भीती मांडली. याहून वाईट काम आमच्या धंद्यात नाही. धाकटे, मी चुकले. मला माफ कर, हे मी आजवर कुणालाच म्हटलेलं नाही, म्हणून कसं म्हणायचं ते नीट जमत नाहीये.

आणि ती रबरातली दोन पानं. पाहिलेली नाहीत हे खरं, पण ठाऊक आहेत. पंच्याहत्तर पानं रोज हाताखालून गेली की कुठली तीन घरी आली नाहीत हे कळतंच. सांगणार नाही. ती तुझी आहेत, तू उलट.

आता झालं सगळं सांगून. खूप रडले आणि मग सपाटून भूक लागली. बेकरीवालीकडून दोन बन आणून एकटीनं खाल्ले.

ताई


२० डिसेंबर

धाकटे,

तुझं उत्तर नाही. पाच आठवडे झाले. जहाज कुठे आहे ते रंगाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, पाण्यात. या माणसाला मी चष्म्यात सूट मिळवून दिली होती.

हे पत्र तुला वेळेत मिळेल की नाही कोण जाणे, पण लिहायलाच हवं.

काल खोलीत दार बसवलं. सुतार गेल्यावर चष्मेवाल्यांनी ते दहा वेळा उघडून बंद करून पाहिलं. मग मी त्यांना साखरेच्या डब्यापासून सगळं सांगितलं. इतके दिवस त्यांना एवढंच माहीत होतं की बहिणींचं बिनसलंय. ते ऐकत होते आणि चष्म्याची काच पुसत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग ही सहीची अट कुणासाठी आहे? तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

मी म्हटलं, अर्थातच तिच्यासाठी, तिला मान म्हणून. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले, तक्त्यावरचं अक्षर चुकीचं वाचणाऱ्या माणसाकडे पाहतात तसे. आणि मग मला दिसलं. तू आली नाहीस तर ताईचं लग्न मोडेल आणि ते तुझ्यामुळे मोडेल. म्हणजे मी पुन्हा तेच केलं होतं. तेव्हा जाऊ नकोस म्हणून पानं लावली आणि आता ये म्हणून लावली. फक्त या वेळी मनोऱ्याच्या जागी स्वतःचं लग्न ठेवलं.

तर ऐक. अट काढली. बारा तारखेला साडेदहाला मी लग्न करणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. दुसरी सही पोस्टमन करेल. तो म्हणाला की सगळी पत्रं त्यानंच पोचवली आहेत, त्यामुळे त्याचा हक्कच आहे. यायचं की नाही हे तुझं तू ठरव. आलीस तर मी आनंदानं वेडी होईन. नाही आलीस तरी माझी तुझ्याबद्दल काही तक्रार नाही, आणि असली तर ती मी गिळेन, तुझ्या गळ्यात बांधणार नाही.

हे लिहून फार हलकं वाटतंय. खरं म्हणजे आज सकाळपासून मी गुणगुणते आहे. बेकरीवाली म्हणते, ऐकवत नाही.

ताई


२९ जानेवारी

धाकटे,

आता तू पुन्हा पाण्यात आणि मी पुन्हा टेबलाशी. तू इथे होतीस, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडलं, तरी मला लिहायचं आहे. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे, माझ्या बाजूचं नाही.

साडेदहाला कचेरीत अधिकारीणबाईंनी वही उघडली. चष्मेवाल्यांनी सही केली, चुकीच्या ओळीवर. मी केली. बेकरीवालीनं केली आणि वहीवर पीठ सांडलं. पोस्टमननं खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि माझ्या पाठीमागे दाराचा आवाज झाला. मी वळले नाही. मला वाटलं, वळले आणि दुसरंच कोणी असलं तर या सगळ्यांसमोर माझं तोंड पडेल. मग तुझा आवाज आला, "टोपण लावा हो, ती ओळ माझी आहे." आणि पोस्टमन, ज्यानं आठवडाभर त्या सहीचा सराव केला होता, लगेच बाजूला झाला आणि सगळ्यांच्या आधी रडायला लागला.

तुझे केस पांढरे झालेत हे मला आधी दिसलं. मग कोट दिसला. तोच, आणि बाहीला बटण नाही. अकरा वर्षांत तुला दुसरं लावायला वेळ मिळाला नाही? असं मी विचारलं आणि तू म्हणालीस, "तुझ्याकडे आहे ना ते, मग दुसरं कशाला?" त्यावर मला जे झालं ते कचेरीत व्हायला नको होतं. अधिकारीणबाईंनी पाणी मागवलं.

दुपारी खोलीत तू रबर काढलंस. रबर कसलं, हात लावताच त्याचे तुकडे पडले. पहिलं पान उलटलंस, सहा तलवारी, पाण्यावरून चाललेली नाव. दुसरं, सूर्य. आणि तू जी हसायला लागलीस. ताई, अगं नाव, तू नाव दाबून ठेवलीस आणि मी नावेतच बसून गेले, असं म्हणत तू टेबलावर डोकं ठेवून हसत होतीस आणि चष्मेवाले दारातून विचारत होते की पाणी आणू का. मला वाटत होतं ती पानं पाहून तुला राग येईल. तुझं सगळं चांगलं मी डब्यात कोंडून ठेवलं होतं. तू म्हणालीस, कोंडलेलं काहीच नव्हतं, मी सगळं वापरून आले, पानं राहिली होती एवढंच.

आता शेवटच्या दुपारचं. तू मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलंस. या लग्नाचं काय होणार ते बघू म्हणालीस. मी नियम सांगितला, ज्या उत्तरात जीव अडकलाय. तुझा अडकलाय का यात, असं विचारल्यावर तू म्हणालीस, "थोडा. पिस गुपचूप." मी पिसलं, कापलं, जोड ठेवला. तू म्हणालीस, थांब, चहा घेऊन येते.

तू आत गेलीस. आतून कपाटाचं दार वाजलं. भांड्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही. आणि तू परत आलीस, रिकाम्या हातांनी. रिकाम्या कुठल्या, उजवी मूठ चांगली फुगलेली होती. तो हात तू जोडावर ठेवलास, सरळ करायला म्हणून. धाकटे, तू माझ्याहूनही कच्ची आहेस.

मी तुला लावू दिलं. तू एकेक पान उलटलंस. दोन पेले, समोरासमोर उभी दोन माणसं. दहा पेले, अख्खं कुटुंब आणि वर इंद्रधनुष्य. आणि तिसरं सूर्य. तुझा सूर्य. मधोमध रबराचा काळा पट्टा पडलेला, अकरा वर्षांचा. तू आवाज खाली आणून सांगितलंस, फार चांगलं आहे गं, कर संसार.

मी म्हटलं, "तू पानं लावलीस."

तू म्हणालीस, "हो."

"चहा कुठाय?"

"विसरले," तू म्हणालीस, आणि मग आपण दोघी आत गेलो आणि शेजारी उभ्या राहून चहा केला. तीन कप काढले, तिन्ही वापरले.

तुला गाडीत बसवून परत आले तर टेबल तसंच होतं. वेडा तू माझ्याकडे ठेवून गेलीस, तेलकट झालाय, त्याला फोडणीचा वास येतो. नाव तू घेऊन गेलीस, शेगडीच्या वर लावायला. एक आलं, एक गेलं, आणि बटण धरून जोड पुन्हा अठ्ठ्याहत्तरचा झाला. बटण तुझ्या बाहीला परत लावून देते म्हटलं तर तू नको म्हणालीस. काळं लावून दिलंय, बाकीच्या तपकिरी बटणांत उठून दिसतं, दिसू दे.

जाताना तू बजावलं होतंस, चौथं पान बघायचं नाही. मी खरंच उलटलं नाही. पण तुझी मूठ इतकी का फुगली होती ते मला तेव्हा कळलं. जोड टेबलावर नीट बसलेला नव्हता. वरचं पालथं पान खालून जरासं उचललेलं होतं, बोट ठेवलं की डुगडुगत होतं.

ताई